हरलात तरी हिशोब द्या! पुन्हा उभं राहू पाहणाऱ्या तायांसाठी



निवडणूक संपली की निवडून आलेल्यांचे बॅनर गावभर लागतात. पडलेल्या ताईचं पुढे काय झालं, हे कोणी विचारत नाही. पण गटांच्या बैठकांना गेलं की माझ्याकडे येणारा प्रश्न बहुतेक वेळा पडलेल्या ताईचाच असतो. "एकदा उभी राहिले, पडले. आता परत उभी राहू का? लोक हसतील का? आणि धंद्याचं काय?"

विचारणाऱ्या बहुतेक जणी काही ना काही छोटा धंदा करतात. कोणाची पिठाची गिरणी, कोणाचं शिलाईचं दुकान, कोणी पापड-मसाले करून विकतं, कोणी सुकी मासळी घेऊन पनवेलच्या बाजारात बसतं. नोकरी असती तर रजा टाकता आली असती. दुकानाला रजा नसते. पंधरा दिवस शटर बंद राहिलं की गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं. म्हणून हा प्रश्न हौसेचा नाही, पोटापाण्याचा आहे. त्याचं उत्तर "हिंमत धरा ताई" एवढ्यावर भागत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. निवडणूक हरणं हा कायद्यात दोष नाही. एकदा हरा, दहादा हरा, परत अर्ज भरायचा तुमचा हक्क कायम आहे. पण हरल्यानंतर खर्चाचा हिशोब दिला नाही, तर तो हक्क जाऊ शकतो. या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. बाकीचं आता क्रमाने बघू.

हा लेख कोणत्याही पक्षासाठी नाही. कोणाला मत द्यावं हे यात नाही आणि कधी असणारही नाही.

टायरचं दुकान आणि २३८ पराभव

तामिळनाडूत सेलम जिल्ह्यात मेट्टूर नावाचं गाव आहे. तिथे के. पद्मराजन यांचं टायर दुरुस्तीचं दुकान आहे. १९८८ साली ते पहिल्यांदा आपल्याच गावातून निवडणुकीला उभे राहिले. टायरवाला निवडणूक लढवणार म्हणून लोक हसले. साध्या माणसालाही उभं राहता येतं, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. तेव्हापासून ते थांबलेले नाहीत. गावपातळीपासून राष्ट्रपतिपदापर्यंत जी निवडणूक येईल तिचा अर्ज ते भरतात. नरसिंह राव, वाजपेयी, मनमोहन सिंग, राहुल गांधी अशा मोठमोठ्यांच्या विरोधात ते उभे राहिले. २०२४ ची लोकसभा येईपर्यंत ते २३८ निवडणुका हरले होते, आणि त्याही वर्षी धर्मपुरीतून त्यांनी अर्ज भरलाच. लोक त्यांना 'इलेक्शन किंग' म्हणतात. डिपॉझिटचे पैसे दुकानाच्या कमाईतून जातात. लोकसभेसाठी सर्वसाधारण उमेदवाराला २५,००० रुपये अनामत भरावी लागते. पडलेल्या मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत आणि उमेदवार हरला, तर ती रक्कम जप्त होते.

असे ते एकटेच नाहीत. उत्तर प्रदेशात बरेलीचे कापड दुकानदार काका जोगिंदरसिंग यांनी तीनशेहून जास्त निवडणुका लढवल्या, त्यांना लोक 'धरतीपकड' म्हणत. आपल्या पुण्यात विजयप्रकाश कोंडेकर आहेत. वीज मंडळातून निवृत्त झालेले गृहस्थ. २०१९ पर्यंत महापालिकेपासून लोकसभेपर्यंत वीसहून जास्त निवडणुका लढले आणि सगळ्या हरले.

आपण यांच्यासारखं करायचं का? मला विचाराल तर, नाही. पद्मराजन जिंकायला उभे राहत नाहीत, हे ते स्वतःच सांगतात. आपल्या तायांना पाण्याची टाकी हवी आहे, अंगणवाडीची गळती थांबवायची आहे, वाडीवर रस्ता न्यायचा आहे. त्यासाठी निवडून यावं लागतं.

तरी त्यांच्या गोष्टीत आपल्या कामाचे दोन धडे आहेत. पहिला, उभं राहायला मोठं घराणं लागत नाही, मतदार यादीत नाव आणि वेळेत भरलेला अर्ज लागतो. दुसरा धडा जास्त महत्त्वाचा आहे. इतक्या निवडणुकांत त्यांना सगळ्यात जास्त मतं कधी मिळाली? २०११ साली, विधानसभेला, ६,२७३. आणि मिळाली कुठे? मेट्टूरला, जिथे त्यांचं दुकान आहे आणि लोक त्यांना रोज बघतात. दर वेळी नव्या ठिकाणी जाऊन उभं राहिलं तर मतं साठत नाहीत. मत साठतं ते ओळखीच्या जागी.

कॅमेऱ्याचं दुकान आणि चौथी निवडणूक

दुसरी गोष्ट लांबची आहे, पण आपल्याला जास्त जवळची वाटेल. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात हार्वे मिल्क यांनी १९७३ साली कॅस्ट्रो नावाच्या वस्तीत कॅमेऱ्याचं छोटं दुकान टाकलं. फिल्म विकायची, फोटो धुऊन द्यायचे. त्याच वर्षी ते शहराच्या कारभारी मंडळाच्या निवडणुकीला उभे राहिले. आपल्याकडची महापालिका म्हणा. ३२ उमेदवारांत त्यांचा दहावा नंबर आला. ते समलैंगिक होते आणि ते लपवत नव्हते. त्या काळात त्यासाठी नोकरी जायची, पोलीस त्रास द्यायचे. म्हणजे लोकांनी नाक मुरडायला कारण तयारच होतं.

१९७५ साली परत उभे राहिले. या वेळी सातवा नंबर, आणि जागा होत्या सहा! १९७६ साली राज्याच्या विधानसभेला उभे राहिले, तिथेही हरले. १९७७ साली चौथ्यांदा उभे राहिले आणि निवडून आले.

चौथ्यांदा काय बदललं? नशीब बदललं असं म्हणून सोडून देऊ नका. दोन गोष्टी बदलल्या.

एक, मधल्या वर्षांत ते घरी बसले नाहीत. वस्तीतल्या छोट्या दुकानदारांची संघटना त्यांनी उभी केली. १९७४ साली रस्त्यावरची जत्रा सुरू केली, त्यामुळे सगळ्याच दुकानांचं गिऱ्हाईक वाढलं. ट्रकचालकांच्या कामगार संघटनेला बहिष्काराच्या लढ्यात साथ दिली, मग त्या संघटनेने यांना साथ दिली. निवडणूक नसताना केलेलं काम निवडणुकीत मोजलं गेलं.

दोन, निवडणुकीची पद्धत बदलली. आधी प्रत्येक उमेदवाराला सगळ्या शहरातून मतं मागावी लागायची. १९७७ पासून शहराचे प्रभाग पडले आणि प्रत्येक प्रभागातून एक जण निवडायचा असं ठरलं. मिल्क यांना त्यांच्या वस्तीत पहिल्यापासून चांगली मतं होती, पण शहरभरच्या मतांत ती बुडून जायची. प्रभाग झाल्यावर तीच मतं पुरेशी ठरली.

गोष्टीचा शेवट दुःखाचा आहे. २७ नोव्हेंबर १९७८ रोजी एका माजी सहकाऱ्याने त्यांची आणि शहराच्या महापौरांची गोळ्या घालून हत्या केली. पण त्यांनी केलेली कामं आणि त्यांचं नाव टिकलं.

आता हे दोन्ही मुद्दे आपल्या पनवेल तालुक्याला लावून बघू.

मतांचा हिशोब: वॉर्ड आणि आरक्षण

ग्रामपंचायतीत लोकसंख्येप्रमाणे ७ ते १७ सदस्य असतात. गावाचे प्रभाग पडतात आणि एका प्रभागातून दोन-तीन सदस्य निवडले जातात. मतदार थोडे असतात. घर ना घर ओळखीचं असतं.

आपल्याच तालुक्यात खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजा या बाजूला काय झालं ते आठवा. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महापालिका झाली आणि त्या भागातल्या ग्रामपंचायती गेल्या. मे २०१७ मध्ये पहिली निवडणूक झाली तेव्हा २० प्रभाग आणि ७८ जागा होत्या. बहुतेक प्रभागांतून चार-चार नगरसेवक. लोकसंख्या सुमारे पाच लाख, म्हणजे एका प्रभागात साधारण २५ हजार माणसं! गावच्या वॉर्डात हात जोडत फिरणाऱ्या ताईला एकदम एवढ्या लोकांपर्यंत जायचं. मिल्क यांच्या बाबतीत झालं त्याच्या बरोबर उलटं. तिथे वर्तुळ लहान झालं, इथे मोठं झालं. मोठ्या प्रभागात पॅनलशिवाय एकटीने निभावणं कठीण जातं, हे आधीच धरून चाला.

आणि थांबावं किती लागतं? नियम पाच वर्षांचा. पण पनवेल महापालिकेची दुसरी निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ ला. २०१७ साली पडलेल्या उमेदवाराला दुसऱ्या संधीसाठी साडेआठ वर्षांहून जास्त वाट बघावी लागली. तेव्हा "पुढच्या वेळी बघू" म्हणताना पुढची वेळ कधी येईल याची खात्री नसते. तयारी चालू ठेवावी लागते.

दुसरी अडचण आरक्षणाची. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींमध्ये स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ साली ते प्रमाण निम्म्यावर नेलं. पण राखीव जागा फिरत्या असतात. यंदा तुमच्या वॉर्डात 'सर्वसाधारण स्त्री' जागा होती, पुढच्या सोडतीत ती राहीलच असं नाही. कितीतरी ताया तिथेच थांबतात. "आता आमची जागा गेली," म्हणतात.

तायांनो, सर्वसाधारण जागा म्हणजे पुरुषांची जागा नव्हे! ती सगळ्यांसाठी खुली असते. त्या जागेवर बाई उभी राहू शकते. राखीव नसलेल्या जागेवर बाई निवडून आली तर स्त्रियांच्या निम्म्या जागांत ती जास्तीची भर पडते. म्हणून सोडतीच्या दिवशी तहसील कार्यालयात किंवा गावात जी सभा असते तिला जा. आपल्या वॉर्डात काय निघालं ते स्वतः ऐका. नवऱ्याकडून किंवा दिरांकडून ऐकू नका.

हरलेली मतंही लिहून ठेवायची असतात. एक उदाहरण घेऊ. समजा, वॉर्डात ६०० मतदार आहेत आणि मतदान झालं ४८०. तुम्हाला मिळाली १४०, निवडून आलेल्या बाईंना १७१. फरक ३१ चा. वाटतं, अरे बापरे, एकतीस माणसं कुठून आणू? पण त्यांच्यातली १६ मतं तुमच्याकडे आली असती तर तुमची झाली असती १५६ आणि त्यांची १५५. आणि जे १२० जण मतदानालाच आले नाहीत त्यांचं काय? कोण पुण्याला कामाला असतं, कोण आजारी होतं, कोणाचं नाव यादीत नव्हतं? ही यादी वहीत उतरवली की पुढच्या वेळचं काम समोर दिसतं.

यादीवरून आठवलं. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं कितीदा माहेरच्याच यादीत असतात. नवीन नावासाठी फॉर्म ६ आणि पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८ असतो. स्थानिक निवडणुकीला विधानसभेचीच मतदार यादी एका ठरावीक तारखेची वापरतात. निवडणूक जाहीर झाल्यावर धावाधाव करून उपयोग होत नाही. हे काम निवडणूक नसताना करायचं.

पैशांचा हिशोब: निकालानंतरचे ३० दिवस

आता मुख्य मुद्दा.

ग्रामपंचायतीची निवडणूक लढवलेल्या प्रत्येक उमेदवाराला निकालापासून ३० दिवसांच्या आत निवडणूक खर्चाचा हिशोब सादर करावा लागतो. जिंकलेल्यालाही आणि हरलेल्यालाही. खर्च अगदी थोडा झाला असेल तरीही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ ब प्रमाणे, ठरलेल्या मुदतीत आणि ठरलेल्या पद्धतीने हिशोब दिला नाही आणि त्याला योग्य कारणही नसेल, तर त्या व्यक्तीला आदेशाच्या तारखेपासून पाच वर्षांसाठी अपात्र ठरवता येतं. महापालिकेच्या निवडणुकीलाही हिशोबाचं बंधन आहेच.

पाच वर्षं म्हणजे काय ते बघा. ग्रामपंचायतीची मुदतही पाच वर्षांची. म्हणजे पुढची निवडणूक हातातून गेली!

जिंकलेले हिशोब देतात, कारण पद जाण्याची भीती असते. हरलेल्या ताईला वाटतं, आता कशाला? पडले ते पडले, उगाच तहसीलचे हेलपाटे नकोत. मन खट्टू झालेलं असतं, घरातले टोमणे मारत असतात, दुकानाची उधारी वसूल करायची असते. त्यात तीस दिवस कधी निघून जातात कळत नाही. मग नोटीस येते. नोटीस आली तरी घाबरून कपाटात ठेवू नका. नोटीस म्हणजे आपलं म्हणणं मांडायची संधी. आजारपण, घरातला मृत्यू असं खरं कारण असेल तर कागदासह लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या.

खरं म्हणजे या कामात आपल्या गटातल्या ताया इतरांपेक्षा पुढे असायला हव्यात. आपण दर महिन्याला रोकड वही लिहितो, पावती लावतो, शिल्लक जुळवतो. निवडणूक खर्चाला तेच करायचं:

• निवडणुकीसाठी बँकेत वेगळं खातं उघडा. दुकानाचं आणि गटाचं खातं त्यात आणू नका.
• अर्ज भरल्याच्या दिवसापासून रोजचा खर्च रोज लिहा. पत्रकं, बॅनर, रिक्षा, भोंगा, चहा-नाश्ता, सगळं.
• कोणी गाडी किंवा मंडप फुकट दिला तरी नोंद करा.
• खर्चाची मर्यादा किती, हिशोबाचा नमुना कोणता आणि प्रतिज्ञापत्र कसं द्यायचं, हे अर्ज घेतानाच निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारून लिहून घ्या. मर्यादा जागेप्रमाणे बदलते.
• हिशोब दिल्यावर शिक्का-तारखेची पोच घ्या. ती पोच रेशन कार्डासारखी जपा. पुढच्या वेळी अर्ज भरताना कोणी आक्षेप घेतला, तर तीच तुमच्या बाजूने बोलेल.

अर्ज आणि पद कशाने अडतं

पुन्हा उभं राहायचं ठरवलं तर मधल्या काळात हे कागद तपासून ठेवा. यातल्या बऱ्याच गोष्टी शेवटच्या आठवड्यात दुरुस्त होत नाहीत.

वय आणि शिक्षण: वय २१ पूर्ण हवं. जन्म १ जानेवारी १९९५ किंवा त्यानंतरचा असेल तर किमान सातवी पास असल्याचा दाखला हवा.

अपत्यं: दोनपेक्षा जास्त अपत्यांचा नियम १२ सप्टेंबर २००१ या तारखेपासून धरतात. त्यानंतरच्या जन्मामुळे संख्या दोनच्या वर गेली असेल तर अपात्रता येते.

थकबाकी: घरपट्टी, पाणीपट्टी मागणी आल्यापासून तीन महिन्यांत भरली नाही तर अडचण होते. भरल्याची पावती ठेवा.

शौचालय: घरी शौचालय आहे आणि वापरात आहे, याचा दाखला लागतो.

जातीचा दाखला: राखीव जागेवर उभं राहायचं असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचं काम आजच सुरू करा. ते मुदतीत दिलं नाही म्हणून निवडून आलेल्यांचीही पदं गेलेली आहेत.

सरकारी जागेवरचं घर: हा मुद्दा आपल्याकडे फार नाजूक आहे. गुरचरणावर, गावठाणाबाहेर घरं बांधलेली कुटुंबं गावोगाव आहेत. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण असेल तर सदस्यत्व जाऊ शकतं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कुटुंबाने केलेल्या अतिक्रमणात राहणाऱ्या सदस्यालाही हा नियम लागू होतो. पण याचा गैरवापरही होतो. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांना अशाच तक्रारीवरून काढलं होतं. त्या सासूबाईंबरोबर सरकारी जागेवरच्या घरात राहतात असा आरोप होता. आपण वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो, असं त्यांचं म्हणणं. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना हटवण्याचा आदेश रद्द केला. बाई सरपंच झाली हे गावकऱ्यांना सहन झालं नाही, असंही न्यायालयाने नोंदवलं. त्या बाईंना दिल्लीपर्यंत जावं लागलं. तुम्ही वेगळ्या राहत असाल तर भाडेकरार, वीजबिल असे पुरावे आधीपासून नीट ठेवा.

ग्रामपंचायतीबरोबरचा व्यवहार: धंदा करणाऱ्या तायांनी हे दोनदा वाचावं. ग्रामपंचायतीच्या आदेशाने चाललेल्या कामात किंवा तिच्या कंत्राटात तुमचा स्वतःचा अथवा भागीदारामार्फत, थेट किंवा आडून हिस्सा असेल, तर तुम्ही सदस्य होऊ शकत नाही. ग्रामपंचायतीच्या कार्यक्रमाच्या जेवणाची ऑर्डर, मंडप-खुर्च्या, रंगकाम, असं काही चालू असेल तर अर्ज भरण्याआधी तहसील कार्यालयात लेखी विचारा. आणि निवडून आल्यानंतर अशी ऑर्डर कितीही छोटी असली तरी घेऊ नका. आपलीच माणसं "एवढ्याने काय होतं" म्हणतील. तक्रार झाली की ती माणसं सुनावणीला येत नाहीत.

धंदा आणि गट, दोन्ही सांभाळून

मिल्क चार वेळा उभे राहिले तेव्हा दुकानच त्यांचं प्रचार कार्यालय झालं होतं. लोक यायचे, बसायचे, बोलायचे. त्याने मतं वाढली, पण धंद्याकडे दुर्लक्षही होत गेलं. आपल्याकडे याच जागी सगळ्यात जास्त नुकसान होतं.

माझं सांगणं असं आहे. उभं राहायचं ठरलं की त्याच दिवशी एक आकडा ठरवा. हा पैसा परत आला नाही तरी मुलांच्या फीला, औषधाला आणि दुकानाच्या मालाला धक्का लागणार नाही, असा आकडा. तो वहीत लिहा आणि घरातल्यांसमोर वाचून दाखवा. त्याच्या वर जायचं नाही. दागिना मोडून, सावकाराकडून घेऊन निवडणूक लढवली तर पुढची पाच वर्षं व्याज भरण्यात जातात. मग परत उभं राहायचं त्राण उरत नाही.

प्रचाराच्या पंधरवड्यात दुकान कोण बघणार हेही आधी ठरवा. उधारीची वही दुसऱ्या कोणाच्या हातात देण्यापूर्वी बाकी उतरवून घ्या. आणि गिऱ्हाईक हे गिऱ्हाईकच. समोरच्या पॅनलची बाई दळण घेऊन आली तर तिचं दळण तितक्याच बारीक दळा. निवडणूक पंधरा दिवसांची, शेजार जन्माचा.

गटाबाबत नियम स्पष्ट ठेवा. गटाचं अंतर्गत कर्ज, बँकेचं कर्ज, ग्रामसंघाचा निधी यातला रुपयाही निवडणुकीला वापरायचा नाही. ज्या कारणासाठी कर्ज मंजूर झालं त्याच कारणासाठी ते लागलं पाहिजे. गटाच्या बैठकीत प्रचार नको, गटाच्या नावाने पाठिंब्याचं पत्रक नको. गटात वेगवेगळ्या विचारांच्या बायका असतात आणि दहा वर्षांत उभा राहिलेला गट एका निवडणुकीत फुटल्याची उदाहरणं कमी नाहीत. गटातली ताई उभी राहत असेल तर इतरांनी वैयक्तिक मदत जरूर करावी. पदाधिकारी असाल तर निवडणुकीपुरते सह्यांचे अधिकार दुसरीकडे देण्याचा ठराव करून घ्या, म्हणजे बोट दाखवायला जागा राहत नाही. मानधनावर काम करणाऱ्या तायांनी, सीआरपी असोत की आणखी कोणी, अर्ज भरण्याआधी आपल्या कार्यालयाला लेखी विचारावं.

मग परत उभं राहायचं का?

याचं उत्तर मी देणार नाही, ते तुमचं आहे. पण ठरवताना हे पाच प्रश्न वहीत लिहा आणि प्रामाणिकपणे उत्तरं भरा:

१. मागच्या निवडणुकीचा खर्चाचा हिशोब दिला का? पोच कुठे आहे?
२. मागच्या वेळी किती मतांनी पडले आणि ती मतं कुठे कमी पडली?
३. निवडणूक संपल्यापासून वॉर्डासाठी मी कोणतं काम केलं? ग्रामसभेत किती वेळा बोलले?
४. किती पैसे बुडाले तरी माझा धंदा चालू राहील?
५. जागा राखीव राहिली नाही तरी मी उभी राहीन का?

पाचही उत्तरं तयार असतील, तर लोकांच्या हसण्याची चिंता करू नका. दोनदा पडलेली बाई तिसऱ्यांदा दारात आली की लोक आधी हसतात, मग "ही काय सोडत नाही बुवा" म्हणतात, आणि मग तिचं म्हणणं ऐकून घेतात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र "नाही" असेल, तर बाकीचे चार बाजूला ठेवा. आधी तहसील कार्यालयात जाऊन तुमच्या नावाची स्थिती काय आहे ते विचारा.

पुढच्या मासिक बैठकीत सचिव ताईंनी हा लेख वाचून दाखवावा. आपल्या गटातलं कोणी मागच्या निवडणुकीत उभं राहिलं होतं का, आणि त्यांनी हिशोब दिला का, हे विचारावं. दिला नसेल तर एकटीला पाठवू नका, दोघी सोबत जा. कागद भरायला अडलं तर प्रभागसंघाच्या बैठकीत मला सांगा. आपण बसून भरू.